खिंडीच्या दीडशे मीटर खाली

पहिल्या दिवशी आमच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, आम्हाला बर्फावर पाऊलसुद्धा ठेवू दिलं नाही. खोलीत ताडपत्री अंथरली, चौघांच्याही सॅक तिच्यावर रिकाम्या करायला लावल्या आणि एकेक कपडा हातात घेऊन बोटांनी चोळून बघू लागले. माझे दोन सुती टी-शर्ट, भावाची जीन्स, कुणाचे सुती मोजे असं सगळं बाजूला काढलं. म्हणाले, "हे इथेच राहील. सुती कपडा घामाने भिजला की वर वाळायचं नाव घेत नाही. आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं."

मी वीस वर्षं डोंगर चढतेय. पावसात, उन्हात, रात्रीच्या अंधारात. बर्फ मात्र आयुष्यात पहिल्यांदाच. सोबत दोन मित्र होते आणि धाकटा भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, दम माझ्या दुप्पट. बर्फ म्हणजे थोडी जास्त थंडी आणि थोडं जास्त निसरडं, सवय होईल दोन दिवसांत, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. त्या आठ दिवसांत काय शिकलो आणि सातव्या दिवशी एका हातमोज्यावरून काय झालं, ते विसरायच्या आत लिहून ठेवतेय. पहिल्यांदा बर्फात जाणाऱ्या कुणाला त्याचा उपयोग झाला तर फार बरं वाटेल.

कपड्यांचे तीन थर असतात हे वाचून गेलो होतो. अंगाला लागून घाम बाहेर टाकणारा, मधे ऊब धरून ठेवणारा, बाहेर वारा आणि बर्फ अडवणारा. ते कधी घालायचे आणि कधी काढायचे, हे मात्र तिथेच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळं अंगावर चढवून, छान उबेत तयार होऊन बाहेर आलो. सरांनी मधला थर काढायला लावला. उणे आठ अंशांत पहिली दहा मिनिटं अक्षरशः कुडकुडत चाललो. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं, कारण चढ लागला की अंग तापतंच. उबेत निघालात तर अर्ध्या तासात घामाने भिजाल, आणि थांबलात की तोच घाम गारठवेल. थांबण्याचाही क्रम ठरलेला. थांबल्याबरोबर आधी सॅकमधलं जाड जाकीट अंगावर, मग पाणी, मग बाकी सगळं. आपण याच्या उलट करतो. आधी टेकतो, गप्पा मारतो, आणि थंडी वाजायला लागली की जाकीट शोधतो. तोवर अंगातली बरीच ऊब निघून गेलेली असते.

तिसरा दिवस पडण्याचा होता. खाली सपाट पठार असलेला, दगड-कपारी नसलेला एक उतार निवडला आणि दिवसभर आम्ही त्यावरून घसरत होतो. आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड, छातीशी तिरकी धरायची, एक हात कुऱ्हाडीच्या डोक्यावर, एक दांड्याच्या खालच्या टोकाला. घसरायला लागलं की पोटावर वळायचं, खांद्याचं सगळं वजन अ‍ॅक्सच्या चोचीवर द्यायचं, गुडघे रोवायचे. बुटाला क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात पकड देणारे धातूचे काटे, बांधलेले असतील तर पावलं वर उचलून धरायची. क्रॅम्पॉनचा काटा वेगात असताना बर्फात रुतला तर घोटा मोडतो किंवा माणूस उलटा फेकला जातो. आधी पाय खाली ठेवून घसरलो, मग डोकं खाली ठेवून, मग पाठीवर, डोकं खाली. शेवटच्या प्रकारात आकाश आणि बर्फ एकमेकांत मिसळतात, हातातली अ‍ॅक्स नेमकी कुठे आहे तेच समजत नाही. मी सहा वेळा केलं, तेव्हा कुठे सातव्यांदा हात आपोआप हलले.

त्या दिवसाचं जे माझ्या मनात पक्कं बसलं ते वेगळंच आहे. सकाळच्या कडक बर्फावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत थांबता आलं नाही, तर पुढे काहीही केलं तरी थांबता येत नाही, वेग हाताबाहेर जातो. म्हणून प्रत्येक अवघड जागेआधी सर एकच विचारायचे, "इथून पाय सुटला तर कुठे जाऊन थांबशील?" उत्तर पठार असेल तर चला. कडा, दगड किंवा प्रवाह असेल तर दुसरी वाट. गेली वीस वर्षं मी पाय सुटू नये एवढंच बघत आले होते. सुटला तर पुढे काय, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

चौथा आणि पाचवा दिवस हिमस्खलनाचा. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या डोक्यातलं चित्र सपशेल चुकीचं होतं. मला वाटायचं की वरून कुठूनतरी बर्फ कोसळतो आणि खालून जाणारा बिचारा त्यात सापडतो. प्रत्यक्षात माणसं ज्या स्खलनात सापडतात, त्यातली बहुतेक सापडलेल्याने स्वतः किंवा त्याच्याच सोबत्याने सुरू केलेली असतात. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला आणून ठेवतो, तिथे घट्ट लादी तयार होते. लादीखाली एखादा भुसभुशीत, साखरेसारखा दाणेदार थर असला की ती नुसती टेकलेली राहते. आपण तिच्यावर पाय देतो, खालचा थर ढासळतो आणि भेग वाऱ्याच्या वेगाने पसरत जाऊन अख्खी लादी सुटते. आपण तिच्या मधोमध उभे असतो.

सरांनी उतारात छातीएवढा खड्डा खणायला लावला. त्याची उभी भिंत फावड्याने तासून गुळगुळीत केली आणि म्हणाले, "डोळे मिटून बोट वरून खाली फिरव." बोटाला आधी मऊ लागलं, मग घट्ट, मग आणखी घट्ट, आणि मांडीच्या उंचीवर अचानक बोट आत गेलं. जेमतेम तीन सेंटिमीटरचा पट्टा. डोळ्यांना सगळी भिंत सारखीच पांढरी दिसत होती. चिमटीत घेतलं तर दाणे एकमेकांना चिकटतच नव्हते, साखरेसारखे हातमोज्यावरून घरंगळून गेले. त्या तीन सेंटिमीटरवर वरचा सगळा बर्फ उभा होता. आणि आमच्या पायाखाली.

अशा लाद्या सुटतात त्या मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. त्याहून कमी उतारावर सुटायला जोर पुरत नाही, आणि फार खड्या उतारावर बर्फ साठून राहतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. म्हणून उतार मोजता यायला हवा. दोन सारख्या लांबीच्या काठ्यांनी तो मोजता येतो. एक बर्फावर उभी धरायची, दुसरी आडवी, तिचं टोक चढाच्या बाजूला बर्फाला टेकवायचं. आडवी काठी उभीच्या माथ्याशी मिळाली तर उतार ४५ अंशांचा, मध्यावर मिळाली तर २७च्या आसपास. मध्याच्या वर सरकली की सावध. नुसत्या नजरेने आम्ही चौघंही दर वेळी चुकलो, कुणी पाच अंशांनी, कुणी दहाने. शिवाय आपण उभे आहोत तो उतार सौम्य असून भागत नाही. डोक्यावरचा उतार खडा असेल तर तिथून सुटलेलं आपल्याच अंगावर येतं.

दुपारी शोधाचा सराव. प्रत्येकाच्या छातीवर पट्ट्याने बांधलेला ट्रान्सीव्हर असतो, जगभर एकाच वारंवारतेवर, ४५७ किलोहर्ट्झवर, सतत ठोका देणारा. कुणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपले यंत्र शोधण्याच्या खटक्यावर घ्यायचे, आकडे कमी होतील तसं जवळ जायचं, बर्फाला यंत्र जवळजवळ टेकवून सगळ्यात लहान आकडा शोधायचा, मग प्रोब, म्हणजे जोडत जाणारी लांब सळई, टोचत जायची. सरांनी एक चालू यंत्र सॅकमध्ये घालून मीटरभर खोल पुरलं आणि घड्याळ लावलं. यंत्राने जागा आम्हाला चार मिनिटांत सापडली. प्रोब सॅकला लागला तेव्हा आम्ही आनंदाने ओरडलो. खणायला त्यापुढे चौदा मिनिटं लागली. सरकून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, हे आम्ही ऐकलं होतं. फावडं आपटलं की टणत्कार येतो, हे तेव्हा कळलं. अठरा मिनिटं झाली. घामाघूम होऊन आम्ही सॅक बाहेर ओढली, तेव्हा सरांनी शांतपणे सांगितलं की गाडल्या गेलेल्याला पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासाने काढलं तर तिघांतला एक. मरण बहुतेक वेळा थंडीने येत नाही, श्वास कोंडून येतं. सोडलेला श्वास तोंडाभोवती गोठतो आणि बर्फाचा मुखवटाच तयार होतो.

भाऊ त्या सॅककडे बघत गप्प उभा होता. तिच्यावर त्याचंच नाव लिहिलेलं होतं.

बाकी गोष्टी भराभर सांगते. काळा चष्मा ढगाळ दिवशीही काढायचा नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, आणि डोळे भाजल्याचं काही तासांनी, बहुधा रात्री कळतं. उन्हाचं मलम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावायचं, कारण ऊन खालूनही येतं. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे बूच मोकळं राहतं. फोन आतल्या खिशात अंगाला लागून, कारण थंडीत बॅटरी झटकन बसते. पण ट्रान्सीव्हरपासून निदान २० सेंटिमीटर दूर, आणि शोधताना ५०, नाहीतर यंत्राला चकवा बसतो. संकटाची शिट्टी मिनिटाला सहा वेळा, उत्तराची तीन वेळा. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. म्हणून आम्हीही ३,४०० मीटरवरच्या तळावर दोन रात्री काढल्या आणि मग सातव्या दिवशी ४,१०० मीटरवरच्या खिंडीकडे निघायचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी तंबूत बसून आम्ही दोन तास नुसतं ठरवत होतो. स्खलनाच्या धोक्याच्या पाच पातळ्या असतात. उद्याची पातळी तिसरी होती. पाचातली तिसरी म्हणजे मधली, म्हणजे ठीकच, असं वाटतं. पण युरोपात सगळ्यात जास्त माणसं याच पातळीला दगावतात, कारण चौथ्या-पाचव्याला लोक बाहेरच पडत नाहीत. खिंडीत जायला दोन वाटा होत्या. एक सरळ नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, जवळची, पण नकाशावरच्या उंचीच्या रेषा मोजल्या तर ३५ अंशांची. दुसरी डावीकडच्या सोंडेवरून, म्हणजे खाली उतरत आलेल्या धारेवरून, लांबची, वाऱ्याची, पण कुठेही २८च्या वर न जाणारी. सोंड ठरली.

मग वेळ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ढोबळ हिशेब घालून दिला होता. सपाटीला ताशी तीन मैल, म्हणजे सुमारे पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. आमचं अंतर चार किलोमीटर, चढ ७००. म्हणजे दोन तास. सरांनी पाऊल खचणारा बर्फ आणि विरळ हवा धरून त्याला तीनने गुणलं. सहा तास. पहाटे चारला निघायचं, दहाला खिंड. जिथे असू तिथून परत फिरायची वेळ अकरा, कारण त्यानंतर उन्हाने बर्फ भिजून जड होतो. शेवटी आणखी एक नियम. पाचांतल्या कुणीही एकाने 'परत' म्हटलं की सगळे परत. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, चर्चा तळावर. हे सगळं आदल्या रात्रीच का, तेही त्यांनी सांगितलं. थंडीने आणि उंचीने सगळ्यात आधी थकते ती विचारशक्ती, आणि आपली विचारशक्ती थकली आहे हे कळायलाही तीच लागते. म्हणून जोड्या पाडल्या. माझा जोडीदार भाऊ. त्याच्यावर नजर माझी, माझ्यावर त्याची.

पहाटे चारला निघालो तेव्हा आकाश चांदण्यांनी भरलेलं होतं. रात्रीच्या गारठ्याने बर्फ कडक झाला होता, क्रॅम्पॉन छान धरत होते. उजाडलं, ऊन वरच्या कड्यांना लागलं, आणि मी इतकी खूश होते की दोनदा थांबून नुसती बघत राहिले.

सव्वासातच्या सुमाराला सोंडेच्या एका खोलगट भागात आम्ही शिरलो आणि पायाखालून आवाज आला. हुंप्फ. जड गादीवर कुणीतरी बसावं तसा. बर्फ बोटभर खाली बसल्यासारखा वाटला. सगळे जागच्या जागी थिजले. खड्ड्याच्या भिंतीतला तो साखरेचा पट्टा इथे आमच्या पायाखाली ढासळला होता, फक्त उतार कमी म्हणून लादी सरकली नव्हती. सरांनी हात वर केला, आम्ही आल्या पावली, एकेक करून, अंतर ठेवून मागे आलो आणि सोंडेच्या उघड्या, वाऱ्याने बर्फ झाडून नेलेल्या माथ्यावरून वळसा घेतला. माथ्याच्या पलीकडच्या कडेला वाऱ्याने बर्फाची पुढे आलेली पागोळी बांधली होती, तिच्याखाली हवाच असते. म्हणून कडेपासून चांगलंच आत राहून. वळशात पाऊण तास गेला, आणि आता आम्ही थेट वाऱ्याच्या तोंडी होतो.

वारा दुपारनंतर वाढणार होता. तो साडेआठलाच वाढला. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २० इतकी थंडी लागते. इथे झोत त्याहून मोठे येत होते. तेवढ्यात भावाच्या क्रॅम्पॉनचा पट्टा सैल झाला. तो खाली बसला, पट्टा ओढायला उजव्या हाताचा बाहेरचा जाड मोजा काढला आणि गुडघ्यांमधे धरला. पट्ट्याचं टोक कडीतून ओवत असताना गुडघा जरासा हलला. मोजा बर्फावर पडला, वाऱ्याने एकदा उलटा झाला, मग सरकत, उड्या घेत उतारावरून गेला. आम्ही दोघं बघतच राहिलो. दहा सेकंदांत तो एक काळा ठिपका झाला होता.

हातात आतला पातळ मोजा होता. जाड मोज्यांचा राखीव जोड त्याच्याकडे होता, पण सॅकच्या तळाशी, दोर आणि कोरड्या कपड्यांच्या खाली. तो म्हणाला, "ताई, आता सगळी सॅक कुठे उपसू या वाऱ्यात. वर पोचलो की काढतो. तासाभराचा तर प्रश्न आहे." आणि मी म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'चा मी पुढे अनेकदा विचार केला आहे. मला सगळं माहीत होतं. पाच दिवस तेच शिकत होते. पण सर आणि दोघं मित्र पन्नास पावलं पुढे गेले होते, खिंड डोळ्यांसमोर होती, थांबलं की अंग गारठत होतं, आणि तो माझ्याहून दणकट आहे हे इतकी वर्षं मनात घट्ट बसलेलं होतं. माझे राखीव मोजे माझ्या सॅकच्या वरच्या खणात होते. ते काढून द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. सुचलंच नाही.

पुढची चाळीस मिनिटं तो माझ्यापुढे चालत होता. आधी तो उजवा हात काखेत खुपसून चालत होता. मग ते थांबलं. सुरुवातीला दर दहा मिनिटांनी मागे वळून माझ्याकडे बघायचा, तेही थांबलं. मग त्याचं पाऊल एकदा स्वतःच्याच क्रॅम्पॉनमध्ये अडकलं. मी हाक मारून म्हटलं, "पाणी पी." तो म्हणाला, "नको." थोड्या वेळाने विचारलं, "थंडी वाजतेय का?" म्हणाला, "आता नाही वाजत." शब्द जिभेवर लडबडत होते. वाजत आणि नाही यांच्यामधे लांबलचक फट.

मी धावत त्याच्यापुढे गेले. गाल मेणासारखे पांढरट. पहाटेपासून थांबलो की काकडणारा माणूस एवढ्या वाऱ्यात काकडत नव्हता. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "अंगठा करंगळीला लाव." डाव्या हाताने लावला. उजव्याचा अंगठा तळहाताच्या मध्यापर्यंत आला आणि थांबला. तो त्याच्याकडे बघत राहिला, जणू दुसऱ्या कुणाचा हात असावा. मग भलतंच काहीतरी म्हणाला, "शंभरातून सात जातील तेव्हा विचार," आणि पुढे चालू लागला.

मी शिट्टी वाजवली आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडले, "परत!"

सव्वानऊ वाजले होते. खिंड दीडशे मीटर वर होती, नुसत्या डोळ्यांनी तिथले दगड मोजता आले असते. पुढचे तिघं वळले. कुणीही काहीही विचारलं नाही. त्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. दगडांच्या आडोशाला पाचही जणांवर मावणारं पातळ कापडाचं आवरण ओढलं आणि त्याच्या कडा अंगाखाली घेतल्या. वारा तुटल्याबरोबर आत बोलणं ऐकू यायला लागलं. जमिनीची थंडी वर चढू नये म्हणून भावाला दोन सॅकवर बसवलं. ओली टोपी बदलली, सगळ्यात जाड जाकीट त्याच्या जाकिटावरूनच चढवलं. थर्मासमधलं गोड गरम पाणी एकेक घोट. गिळता येतंय ना, ते आधी बघून. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून छातीशी. त्याचा उजवा हात मी माझ्या जाकिटात, माझ्या काखेत धरला. बर्फाचा गोळा ठेवावा तसा लागला. दोघा मित्रांपैकी एकाने त्याचे हात-पाय चोळायला घेतले तर सरांनी लगेच थांबवलं. गारठलेल्याला चोळायचं नाही. हातापायांतलं गार रक्त एकदम आत आलं तर हृदयाला धक्का बसतो, आणि बोटं गोठलेली असतील तर आतल्या बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात. ऊब द्यायची ती छातीला, काखेला, मानेला.

दहा मिनिटांनी त्याला हुडहुडी भरली. दात वाजत होते, सगळं आवरण हलत होतं. सर म्हणाले, "छान." मला तेव्हा कळलं की हुडहुडी परत येणं ही चांगली बातमी आहे. शरीर पुन्हा स्वतःची ऊब करायला लागलं होतं. अंगाचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की गारठण्याचा आजार सुरू होतो, आणि ३२च्या आसपास काकडणंच बंद पडत जातं. तो नेमका किती खाली गेला होता ते मोजायचं साधन आमच्याकडे नव्हतं. वीस मिनिटांनी बोटांत कळा यायला लागल्या. एवढा मोठा मुलगा माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. तीन बोटांना रंग आला. तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकं मात्र पांढरीच राहिली.

अर्धा तास बसवूनच सरांनी त्याला उठवलं. दुखण्यातून उठल्या उठल्या चालवलं तर अंगातलं गार रक्त पुन्हा फिरतं. उतरताना ढग खाली आले, जमीन आणि आकाश एकच पांढरं झालं, आमच्या पावलांचे ठसे वाऱ्याने बुजवले होते. सरांनी सकाळी प्रत्येक वळणावर होकायंत्राची दिशा वहीत टिपली होती, तिच्यावरून, पुढे बर्फाचे गोळे फेकत आम्ही उतरलो. गोळा पडलेला दिसला तर पुढे जमीन आहे. दिसेनासा झाला तर तिथे पाऊल नाही.

तळावर पोचल्यावर त्याचा हात कोमट पाण्यात धरला, ३७ ते ३९ अंशांच्या, कोपर बुडवून सहज सोसवेल इतक्याच. हे वर करायचं नसतं, कारण एकदा सैल पडलेलं बोट वाटेत पुन्हा गोठलं तर नुकसान कितीतरी पटीने जास्त होतं. बोटं वाचली. आठवड्याने टोकांची कातडी सोलून निघाली, आणि अजूनही थंड पाण्यात हात घातला की त्या दोन बोटांना आधी कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश निरभ्र होतं, वारा नावालाही नव्हता. शेजारच्या तळावरचे चौघं सरळ नाळेतून चढले. आम्ही तंबूबाहेर बसून बघत होतो. नाळेच्या मधोमध त्यांच्या पावलांची रेघ वर वर गेली, साडेनऊला ते खिंडीत होते, दुपारी हसत परतले. आम्हाला हात केला. भाऊ बराच वेळ त्या रेघेकडे बघत होता, मग म्हणाला, "ताई, उतार ३५च होता ना?" मी हो म्हटलं. मलाही आत कुठेतरी खुपलं, ते नाकारत नाही. पण ते सुखरूप आले म्हणजे ती लादी पक्की होती, असं मला म्हणता येत नाही. तिच्या खाली काय होतं हे त्यांनाही कळलं नाही आणि आम्हालाही. तशा उतारावरून दहा जण जाऊन येतात आणि बर्फ त्यांना काहीच सांगत नाही.

संध्याकाळी मी सुई-दोरा काढला. चारही जाड मोज्यांच्या मनगटाला जाड दोरीचे फास शिवले, मनगटात अडकून राहतील असे, म्हणजे मोजा काढला तरी हातालाच लटकत राहतो. माझा जोड झाला, मग भावाचा राखीव. त्याला बारीक काम अजून जमत नव्हतं, म्हणून तो दोरी ताणून धरत होता आणि दर टाक्यानंतर अंगठा एकेका बोटाला लावून बघत होता.